लिहून द्या बाई

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी गजभिये बाईंचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही हेच नाव घेतात.

काटोलच्या शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव ‘लिहून द्या बाई’ ठेवलं होतं, कारण तोंडी शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “बाई, उद्या नक्की गृहपाठ आणतो,” असं कुणी म्हटलं की कोरा कागद त्याच्यापुढे यायचा. “लिहून दे. खाली सही कर.” शिंप्याकडूनसुद्धा त्या ब्लाउज कधी मिळणार ते चिठ्ठीवर लिहून घ्यायच्या. शिंपी हसायचा, पण ब्लाउज वेळेवर द्यायचा.

असं का, हे मी एकदाच विचारलं. त्या पाटीत भाजी निवडत होत्या. “माझा बाप जन्मभर एकाच्या वाड्यावर राबराब राबला,” त्या म्हणाल्या. “घराले जागा देतो म्हणे. तोंडानं. बाप मेला आन् तो म्हणे, मी कधी म्हटलं? आपल्या लोकायले जे भेटलं ना गा, ते लिहिलेलं होतं म्हणून भेटलं.” एवढं बोलून त्यांनी पाटी उचलली आणि आत गेल्या.

माझे वडील संत्र्याच्या बाजारात पेट्या उचलायचे. दहावीनंतर मला सोबत न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. बाई घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “पोराले शिकू देईन म्हणता ना? मग लिहून द्या.” वडिलांना फक्त सही येत होती. मजकूर बाईंनी लिहिला, वडिलांनी सही केली. पुढे ठेकेदार मला कामावर पाठव म्हणाला की वडील ताठ उभे राहून सांगायचे, “जमत नाही मालक. बाईले लिहून देलं आहे.” मी पदवीधर झालो तो त्या कागदावर. खापरखेड्याला विजेच्या कारखान्यात मला पाळीची नोकरी लागली, नागपुरात घर केलं. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारा मी पहिला.

बाई निवृत्त झाल्या, एकट्याच राहिल्या, आणि त्यांच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी त्यांना नागपूरला यावं लागे. “माझ्याकडे राहा,” मी म्हटलं. “माझं घर काटोलले आहे,” त्या म्हणाल्या. एकदा डायलिसिस करून परत जाताना त्या एस.टी. स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. त्याच आठवड्यात मी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. गाडी पाहायला बाई हट्टाने सोबत आल्या.

मानकापूरच्या त्या दुकानातला पोरगा फार गोड बोलायचा. “आंटी, गाडी एकदम मक्खन आहे.”

“मक्खन उन्हात पिघळते बाबू.”

“काही झालं तर मी बसलो आहे ना!”

“आज इथं बसला आहेस. उद्या दुसऱ्या दुकानात बसशील. लिहून काय देतोस, ते सांग.”

मग त्याने वाढीव वॉरंटीचे कागद काढले. वर पैसे भरा, दोन वर्षं कंपनी जबाबदार. मला ते नको होतं. “राहू द्या बाई, गाडी चांगली दिसते,” मी म्हटलं.

“तोंड पाहून सांगून राहिला का?” त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून सारी पानं वाचली. चहा आला, निवला, साय धरली. “काहून गा, एवढं बारीक छापता? लोकायनं वाचू नये म्हणून?” पोरगा कसनुसा हसला. शेवटी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “घे. कोणी दोन वर्षं लिहून देते तर घ्यावं. माझा डॉक्टर तर एक महिना लिहून देत नाही.” त्यावर पोरगाही हसला नाही.

डायलिसिसच्या प्रत्येक नंबराला मी बाईंना काटोलहून आणायचो आणि परत सोडायचो; उन्हाळा येईपर्यंत गाडी चांगली चालली. मग मे महिन्यातल्या एका मंगळवारी, काटोलहून नागपूरला येताना, कळमेश्वरच्या फाट्याजवळ बॉनेटमधून वाफ निघाली. समोरच्या पंक्चरच्या दुकानातला मेकॅनिक धावत आला. वाकून पाहून म्हणाला, “पाण्याचा पाइप फाटला. माझ्याकडे आहे. अर्ध्या तासात बसवून देतो.”

“हात नको लावू बाबू,” बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. “बाहेरच्यानं हात लावला तर वॉरंटी जाते. लिहिलं आहे.”

“मग बसा काकू, वॉरंटीची सावली घेऊन,” म्हणत तो दुकानात परतला.

मी कंपनीला पुन्हा पुन्हा फोन लावला. गाडी ओढून न्यायला माणूस निघाला आहे, असं ते प्रत्येक वेळी सांगत राहिले. “बाई, पाइप बसवू द्या,” मी म्हणालो. “नाही तर एस.टी.ने जाऊ. नंबर चुकेल.” त्यांचे पाय सुजलेले होते. तोंडावर ओला पदर धरून त्या बसल्या होत्या.

“एक नंबर चुकला तर चुकला,” त्या म्हणाल्या. “वॉरंटी गेली आन् पुढं मोठं काही बिघडलं, तर तू ही गाडी कशी दुरुस्त करशील? मग साऱ्याच नंबरांचं काय? नियमानं चाल गा.”

माणूस उन्हं कलल्यावर आला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेली होती. पुढचा नंबर शुक्रवारचा. त्या मुक्कामाला पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या.

बुधवारी कंपनीचा निरोप आला. पाइप रबरी आहे, रबरी भाग वॉरंटीत बसत नाहीत. मी फोनवर भांडत होतो. बाईंनी कागद मागितले. धाप लागत असतानाही बोट ठेवून शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि थांबल्या. “आहे,” त्या म्हणाल्या. “इथं लिहिलं आहे. मी वाचलं होतं गा. पण रबर म्हणजे हाच पाइप, हे मले काय माहीत?”

कुणावर त्या चिडल्या नाहीत. कागद घडी घालून मला परत दिले आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी त्यांच्या छातीत पाणी भरलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं, त्यांना अतिदक्षता विभागात घेतलं आणि दार लागलं. दुपारी नर्स बाहेर आली. “प्रवीण कोण? पेशंट विचारत आहेत, पुढच्या नंबराला न्यायला येशील ना?”

“येईन म्हणून सांगा,” मी म्हटलं.

ती आत गेली आणि लगेच परत आली. तिला हसावं की नाही ते कळत नव्हतं. “त्या म्हणतात, लिहून दे.”

खालच्या औषधाच्या दुकानातून मी एक कागद मागून आणला आणि भिंतीवर धरून लिहिलं. चष्मा माझ्याच खिशात राहिला होता, म्हणून नर्सने त्यांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, “सही आहे का?”

शनिवारी पहाटे बाई गेल्या. गाडी मी अजून चालवतो. नंतर ती एकदाही बंद पडली नाही. दवाखान्याने त्यांचं सामान दिलं, त्यात तो कागद होता. त्यावर लिहिलं होतं:

आदरणीय बाई,

सप्रेम जयभीम.

मी प्रवीण, तुमचा विद्यार्थी, लिहून देतो की तुमच्या प्रत्येक नंबराला मी स्वतः काटोलला येईन. गाडी बंद पडली तर जो जवळ असेल त्याच्याकडून दुरुस्त करून घेईन. नाही झाली तर ती रस्त्यात सोडून देईन आणि एस.टी.त तुमच्या शेजारी बसून येईन. पाळी असली तर बदलून घेईन. यातून काहीही वगळलेलं नाही. बारीक अक्षरात काही लिहिलेलं नाही.

मुदतीची जागा कोरी ठेवली आहे. ती तुम्ही भरा.

खाली सही केली आहे.

प्रवीण