पालेपाचा रविवार

पालेपाने वायफायचा डबा पहिल्यांदा हातात घेतला तो पुसायला, कारण त्यावर कोंबडी शिटली होती. पुसताना निघालेली वायर कुठली हे कोणालाच सांगता येईना, म्हणून तिनेच ती लावली. एवढ्या एका गुन्ह्यावर अख्ख्या कुळाचं नेट तिच्या गळ्यात पडलं. सावाई बेटावर त्यांची अकरा घरं, बारावं पाळकसाहेबांचं. प्रत्येक छताला नेट पकडणारी एक चकती, आणि सगळ्यांचा लगाम पालेपाच्या चुलीमागच्या डब्यात. त्यातला प्रोग्रॅम उघडला की कोण किती वेळ नेट ओढतंय ते दिसे, आणि एका टिचकीत कोणालाही बंद करता येई. भावजयीशी भांडण झालं की भावजयीचं नेट रांगायला लागे. पालेपा म्हणे, "हवा खराब असेल."

कुळाचा प्रमुख तिचा थोरला भाऊ, लेफाओ. त्याचा हुकूम: रविवारी दिवसभर नेट बंद. चर्च, जेवण, झोप, बास. पालेपाने डब्यात तसं लावून टाकलं, स्वतःच्या फोनसकट. त्यात तिचं काय जात होतं ते ती कोणाला बोलली नाही. लेक इआनेता ऑस्ट्रेलियात, मांसाच्या कारखान्यात. सुट्टी फक्त रविवारी. इतर दिवशी पोरगी दोन वाक्यांत पेंगायची. दोन वर्षं मायलेकींचं धड बोलणं नव्हतं.

यंदा डब्यात मुंग्या शिरल्या आणि डबा मेला. पागोपागोच्या चुलतभावाने स्वतःचा जुना डबा बोटीने पाठवला. पालेपाने सगळे नियम त्यात नव्याने भरले. आता, पागोपागो आमच्या शेजारच्याच बेटावर, पण मधून तारखेची रेषा जाते, म्हणून एक दिवस मागे. घड्याळात वाजलेले तेवढेच, वार मात्र आदला. बाईने डब्यातलं घड्याळ पाहिलं, "बरोबर आहे" म्हणाली आणि वाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवारी चर्चहून येऊन ती नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पालुसामी वाढत होती, तोच फोन वाजला. पडद्यावर इआनेता!

"अगं आई, चुकून बोट लागलं. पण फोन लागला कसा?"

पालेपाला तिथल्या तिथे कळलं. चुलीमागे जाऊन बंद करायला दोन मिनिटंही लागली नसती. गेली नाही. तीन तास बोलली. रडली, पोरीचं कापलेलं बोट पाहून तिच्यावरच खेकसली, पुन्हा रडली.

सोमवारी सगळ्यांचं नेट गेलं आणि बिंग फुटलं. लेफाओने बाराही घरं चटईवर बोलावली.

"काल नेट चालू होतं?"

"होतं, दादा. डबा पागोपागोचा. त्याच्या लेखी काल शनिवार होता, आज रविवार आहे."

"देवाच्या दिवशी! उतरवा सगळ्या चकत्या. हे पाप मला छतावर नकोच."

पालेपाची जीभ शाबूत होती. "उतरव. आधी ऐक मात्र. मला काल कळलं होतं, तरी मी बंद केलं नाही. दोन वर्षांनी लेकीशी पोटभर बोलले. दंडाचं डुक्कर मी देते. पण काल नेट ओढणाऱ्यांच्या यादीत माझं नाव दुसरं आहे. पहिलं वाचू?"

पाळकसाहेब खाकरले.

"लेफाओ, पागोपागोलाही आपलीच माणसं राहतात. देव त्यांच्यावर काही रागावलेला दिसत नाही. आलेल्या डब्याला आपण कशाला छळायचं?"

"पाच तास रग्बी," मागून पाळकीणबाई म्हणाल्या. "माझ्या टॅब्लेटवर."

चटईवर हसू फुटलं. लेफाओ तेवढा हसला नाही. तो बहिणीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहत होता.

"पोरगी बरी आहे का?" त्याने विचारलं.

"वाळलीय रे."

"मग राहू दे डबा तसाच. सोमवारी तसंही इथे कोण काम करतं!"

पुढच्या रविवारी, जेवणाच्या वेळी, फोन वाजला.

"आई, आज रविवार ना गं?"

"डब्यात शनिवार आहे. बोल तू."