बाईंचा भाऊ आणि माझं पत्रक

जळकोटच्या आमच्या बाई जीवशास्त्र शिकवताना फळ्यापेक्षा स्वतःचं शरीर जास्त वापरायच्या. रोगाशी लढणाऱ्या टी पेशींचा धडा आला की खडू कमरेच्या हाडावर टेकवायच्या, "यांचं बीज इथं, हाडाच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत." मग छातीच्या मधोमध, "आणि शाळा इथं, थायमस ग्रंथीत." दुपारपर्यंत साडीवर पांढरे ठिपके दिसायचे.

त्यांना स्वतःला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हाही त्यांनी मला तसंच समजावलं. "अर्ध्यातच शाळा सोडलेल्या पेशी मगजात गर्दी करून बसल्यात. चांगल्यांना जागाच न्हाय. आमच्या वर्गातली पोरं निदान ओरडल्यावर उठायची तरी!" आणि हसल्या.

औषधांनी गर्दी हटली. ती परतू नये म्हणून दुसऱ्याचा मगज हवा होता. धाकट्या भावाचा, महादेवचा, जुळला. तो आधी हो म्हणाला. मग कुणीतरी त्याच्या कानात घातलं की कमरेतून मगज काढलेला माणूस पुन्हा पोतं उचलत नाही. तो भेटायचं टाळू लागला.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. अन्याय दिसला की छापायचं, एवढंच येत होतं. 'बहिणीचा जीव मोठा की कमरेचं हाड?' असं पत्रक काढून बाजारात वाटलं. नाव घातलं नव्हतं, पण गावाला नाव लागत नाही. संध्याकाळी महादेवनं ते बाईंपुढं टाकलं. "अक्का, आता दिलं तर लोक म्हणतील, कागदाला भिऊन दिलं. म्या न्हाय देत."

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. फार थकल्यासारख्या दिसल्या.

"लिहिलंस ते खरंच होतं रे. पण तो भ्याला होता. दोन दिवस माझ्यापाशी बसला असता तर भीती गेली असती. तू त्याला चौकात उभं केलंस."

"मी माफी मागतो, बाई."

"माग. पण छापू नकोस."

तीन खेपा महादेवनं दार लावून घेतलं. चौथ्या खेपेला ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर सोलापूरला, बाईंच्या दवाखान्यात आला. तोवर आजार उलटला होता, बाईंच्या अंगात काही सोसण्याची ताकद उरली नव्हती. वॉर्डात महादेवनं डॉक्टरांपुढं सदरा वर केला.

"काढा सायेब. लागंल तेवढं काढा."

बाईंनीच पडल्या पडल्या हात लांबवून त्याचा सदरा खाली ओढला.

"ऱ्हाऊ दे, म्हादू. कमरंला वारं लागंल."