मास्तरांचं अक्षर

माझी आत्या वर्तमानपत्र उलटं वाचायची. वडील सकाळी टेबलावर पेपर पसरून बसले की ती समोरच्या खुर्चीत चहा घेऊन बसे आणि त्यांच्या आधी पान संपवून म्हणे, "दादा, उलट आता." माझ्या दहावीच्या निकालाला ती शाळेत आली होती. सरांनी टेबलावर यादी उघडली, तशी पलीकडे उभ्या असलेल्या आत्याने माझा दंड धरला. "पास आहेस, चल," म्हणाली. सरांचं बोट अजून वरच्याच नावांवर फिरत होतं.

हे तिला छापखान्याने शिकवलं. चौतीस वर्षं ती तिथे खिळे जुळवत होती. शिशाचं एकेक उलटं अक्षर लाकडी खणातून उचलायचं, हातातल्या पट्टीत शब्द, मग ओळ, मग पान बांधायचं. आजोबा त्याच छापखान्यात पुस्तकं शिवायचे आणि ती दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. एकदा जुना कंपोझिटर काम सोडून दुसऱ्या गावी निघून गेला आणि मालक डोकं धरून बसले. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. ती म्हणाली, "मी बघू का?"

"हे खिळे आहेत पोरी, वाटाणे नव्हेत," मालक म्हणाले. पण वर्षभर डब्याच्या निमित्ताने तिने सगळं बघून ठेवलं होतं. तासाभरात तिने अर्धं पान जुळवलं. त्यात दोन चुका होत्या. जुन्या माणसाच्या सात असायच्या. दुसऱ्या दिवसापासून आजोबांचा आणि तिचा डबा एकत्र जायला लागला.

आमचं गाव लहान, पण लिहिणाऱ्यांची वानवा नव्हती. सरकारी दवाखान्यातली एक नर्स कविता करायची. ड्यूटी संपली की तशीच पांढऱ्या साडीत छापखान्यात यायची आणि आपल्या ओळी शिशात कशा दिसतात ते वाकून बघायची. एक पोस्टमन विनोदी गोष्टी लिहायचे. त्यांच्या प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह. ती चिन्हं छापखान्यात मोजकीच, त्यामुळे मधेच आत्याचा त्यांना निरोप जायचा, "माझ्याकडची संपली. आता थोडं साधं लिहा." ते लिहायचेही. जाणकार म्हणत, पोस्टमनची शैली पुढे पुढे फार संयत झाली.

आणि होते मास्तर. शाळेत गणित शिकवायचे आणि कादंबऱ्या लिहायचे. गावाबाहेर ज्यांचं नाव झालं असे आमचे हे एकटेच. त्यांचं अक्षर मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांनाही कधी लागलं नाही. फळ्यावर काय लिहिलंय ते मुलं एकमेकांना विचारायची. आत्याला ते लागायचं. कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. "माणूस कळला की अक्षर लागतं," एवढंच म्हणायची.

त्यांची तिसरी कादंबरी जुळवताना मात्र आत्याचे हात थांबले. नायिकेची सासू चौथ्या प्रकरणात वारली होती. अकराव्या प्रकरणात ती ओसरीवर बसून चहा मागत होती. आत्याने मालकांना दाखवलं. "आपलं काम खिळे जुळवायचं," मालक म्हणाले. "गोष्ट त्यांची त्यांना जुळवू दे." गावात मास्तरांना चूक दाखवायची कुणाची छाती नव्हती.

त्या संध्याकाळी आत्या दोन्ही पानं घेऊन त्यांच्या घरी गेली. मास्तरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, तुम्ही कंपोझिटर आहात की टीकाकार?"

"कंपोझिटरच आहे," आत्या म्हणाली. "पण तुमचं पुस्तक सगळ्यांच्या आधी मी वाचते. मला जे खटकलं ते पुढे आणखी कुणाला तरी खटकणार. तेव्हा तुम्ही नसणार समोर, आणि मीही नसणार."

मास्तरीणबाईंनी चहा आणला, तो तिने उभ्यानेच प्यायला आणि निघाली. तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः नवीन पान घेऊन छापखान्यात आले आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. "सासूला परत मारलं," म्हणाले. "आणखी कुठे कोण जिवंत झालंय का बघा." त्यानंतर त्यांचं प्रत्येक हस्तलिखित आधी आत्याकडे यायचं, मग मालकांकडे.

त्यानंतरची आठ पुस्तकं अशीच निघाली. पुढे मास्तर गेले. मास्तरीणबाई लेकीकडे लांबच्या शहरात राहायला गेल्या. छापखान्यात संगणक आले, शिशाचे खण उचलून नेले गेले आणि आत्या घरी बसली. घरी बसून तिला करमेना. औषधाच्या बाटलीवरच्या कागदात चुका काढायची.

चार-पाच वर्षांनी मास्तरांचा मुलगा छापखान्यात एक गठ्ठा घेऊन आला. घर विकायला काढताना माळ्यावर सापडला होता. मास्तरांची शेवटची कादंबरी, पूर्ण लिहिलेली. संगणकावर बसणाऱ्या मुलीने पहिलं पान धरलं, उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं आणि सरळ आमच्या घरी आली.

"काकू, हे मराठीच आहे ना?"

चार महिने आत्या रोज दुपारी तिच्या शेजारी बसून मोठ्याने वाचायची आणि ती मुलगी टाइप करायची. कधी कधी मुलीचे हात थांबायचे. "काय झालं?" आत्या विचारायची. "काही नाही," मुलगी डोळे पुसत म्हणायची, "वाचा पुढे." आत्या सांगायची, मास्तरांना स्टुलावर बसवून हे दाखवायला हवं होतं.

शेवटच्या पानावर मात्र गाडी अडली. 'तिने दार लावलं आणि' एवढं वाचता येत होतं, पुढे एक शब्द, मग 'चालू लागली.' तो मधला शब्द आत्याला लागेना. भिंग आणलं, कागद खिडकीशी धरला, घरी आणून आठवडाभर उशाशी ठेवला. मालकांचा मुलगा म्हणाला, "काकू, 'एकटीच' लिहून टाका. कुणाला कळणार आहे?"

"मला," आत्या म्हणाली. "मास्तरांच्या पुस्तकात माझा शब्द नको."

पुस्तक निघालं ते त्या जागी टिंबं घालून, खाली 'मूळ हस्तलिखितात हा शब्द वाचता येत नाही' अशी तळटीप देऊन. आणि मग पत्रं यायला लागली. 'अनवाणी' असावं, 'हसत' असावं, 'मुकाट्याने' असावं. एका निवृत्त कारकुनाने बावीस शब्दांची यादी पाठवली आणि कोणता का बसत नाही याची कारणंही दिली. आत्याने प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकून उत्तर दिलं: 'विचार चांगला आहे, पण अक्षर तसं नाही.'

दोन वर्षांनी गावच्या वाचनालयाने एक खोली आपल्या लेखकांसाठी राखून ठेवली. भिंतीवर नर्सबाई, पोस्टमन आणि मास्तर यांचे फोटो, खाली काचेच्या कपाटात त्यांची पुस्तकं, पेनं, चष्मे. मधोमध ते शेवटचं पान. उद्घाटनाला मास्तरीणबाईही आल्या होत्या, लेकीचा हात धरून. फार थकल्या होत्या, पण आत्याला त्यांनी लगेच ओळखलं. "तुम्ही उभ्याने चहा प्यायला होतात," म्हणाल्या.

आत्याने त्यांना काचेपाशी नेलं. "वहिनी, एवढा एकच शब्द मला नाही लागला. तुम्हाला काही आठवतं का?"

मास्तरीणबाई खाली वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा शब्द कुठेय?" त्या म्हणाल्या. "शेवटच्या वर्षी ह्या लेकीने त्यांना नवीन पेन आणून दिलं होतं. सारखं अडायचं. अडलं की हे असंच गिरगटायचे, शाई उतरेपर्यंत. किती पानं खराब केली. मी ओरडायचे, मागच्या बाजूला गिरगटा म्हणून."

आत्याने पुन्हा पान बघितलं. मग तिला हसू फुटलं. खुर्चीचा आधार घेऊन ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मास्तरीणबाईही हसायला लागल्या. बाकीच्यांना काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. बावीस शब्दवाले कारकूनसाहेब तिथेच होते, ते मात्र हसले नाहीत.

पाहुण्यांचं भाषण झाल्यावर वाचनालयाच्या बाईंनी आत्याला बोलायला उठवलं. भाषण तिने जन्मात केलं नव्हतं. तिने पुस्तक मागून घेतलं आणि शेवटचं पान वाचून दाखवलं, टिंबं न घेता. "तिने दार लावलं आणि चालू लागली." एवढंच लिहिलं होतं मास्तरांनी, आणि तेच बरोबर होतं.

पुढच्या आवृत्तीतून टिंबं गेली. आत्याने त्या सगळ्या पत्रवाल्यांना पुन्हा पोस्टकार्डं टाकली. नंतर तीन वर्षं, पाय चालत होते तोवर, ती दर गुरुवारी त्या खोलीत जाऊन बसायची. कुणी नर्सबाईंच्या कवितांचं विचारायचं, कुणी पोस्टमनचं, आणि ती ज्याला जेवढं हवं तेवढं सांगायची. तिचा फोटो लावायचं वाचनालयाने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही." ते खरंच होतं. त्यांनी फोटो लावला नाही. मास्तरांच्या शेवटच्या पुस्तकात मात्र, दुसऱ्या पानावर, 'वाचन' असा एक शब्द छापलेला आहे आणि त्यापुढे तिचं नाव.