टापूवर धरलेला हात

आमच्या घरात मांजर आडवं आलं तर आम्ही मांजराला आधी जाऊ देतो, कारण बहुतेक वेळा तेच जास्त घाईत असतं. श्रद्धेचा भाग एवढाच. मी फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी इंजिनिअर्समध्ये गेली — सुरुंग, दारूगोळा, न फुटलेले बॉम्ब. या कामात भुताला घाबरायला वेळच मिळत नाही, खऱ्या वस्तूच पुरून उरतात. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. आता तीच म्हणते, "तुमचाही लिहा की! हसू देत लोकांना." म्हणून लिहितोय.

मूळचा मी खटाव तालुक्यातला. शेवटचं पोस्टिंग बबिनाच्या छावणीत होतं, मुलांच्या शाळा जवळच्या झाशीत, म्हणून ओरछा गेटच्या आत घर केलं ते कायमचंच. मुलांचं मराठी आता "पप्पा, खाना वाढलाय" इतपत उरलंय. असो.

बबिनाच्या पुढे बेतवा नदीच्या पात्रात एक टापू आहे. नाव मुद्दामच देत नाही. काठावरच्या गावाची शेतं तिथे होती — गाळाची, काळीभोर जमीन. पुढे ती फौजेने ट्रेनिंगसाठी घेतली, आणि एक अख्खी पिढी तिथे फक्त तोफगोळे पडले. माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात ट्रेनिंग दुसरीकडे हललं आणि प्रश्न आला, आता या टापूचं करायचं काय? टूरिझमवाल्यांना तिथे तंबू ठोकायचे होते. जंगल खात्याला झाडं लावायची होती. गावाला आपली शेतं परत हवी होती. शेवटी वरच्या लोकांनी गावाचं म्हणणं मान्य केलं, पण एका अटीवर. जमीन मोकळी आहे, असं आम्ही सांगायचं. सही कर्नलसाहेबांची, पण शब्द माझा.

गावातून रोज एक म्हातारा काठावर येऊन बसायचा. सगळे त्याला हल्के दद्दा म्हणायचे. टापूच्या खालच्या अंगाला, पाण्याजवळ, त्याच्या बापाचं शेत होतं. आमची बोट निघताना तो विचारायचा, "काए साब, आज कित्तो हो गओ?" मी म्हणायचो, "दद्दा, जल्दी का काम शैतान का." तो हसायचा. पण माणसाने व्याह्यांकडे बैलजोडी सांगून ठेवली होती, नांगराचा फाळ धार लावून घेतला होता. टापूवर ट्रॅक्टर जात नाही, बैल पोहत न्यावे लागतात, तेही त्याचं ठरलेलं. मरायच्या आधी एकदा त्या मातीत हरभरा पेरायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. मला तो माणूस फार आवडायचा. माझे वडील असेच होते, मातीचं नाव काढलं की डोळे लकाकायचे.

आम्ही पांढऱ्या पट्ट्या लावून, डिटेक्टर फिरवून टापू वीत-वीत तपासला. न फुटलेल्या गोळ्याला आमच्याकडे ब्लाइंड म्हणतात. बरेच ब्लाइंड निघाले, ते जागच्या जागी उडवले. मग डिटेक्टर गप्प झाला, दुसऱ्या फेरीतही गप्पच राहिला.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. मोकळी केलेली जमीन कुणाला द्यायची, तर आधी आपण तिच्यावरून चालायचं. पार्टीतले, म्हणजे तुकडीतले, सगळे जण एका रांगेत, हातात हात धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्याने "साफ है" म्हटलं त्याने आधी पाय ठेवायचा, मग दुसऱ्याला बोलवायचं. आणि रांगेतला एक थांबला की सगळ्यांनी थांबायचं.

भर दुपार होती, लख्ख ऊन. पलीकडच्या काठावर गाव जमलं होतं, नारळ-गूळ घेऊन. दद्दा सगळ्यांच्या पुढे, डोक्याला नवा साफा. मी रांगेच्या डाव्या टोकाला. माझ्या उजव्या हातात नायक बलबीरचा हात, डावा हात मोकळा, कारण डावीकडे पट्टी आणि पट्टीपलीकडे नदी. कोण असणार तिथे?

वरचं अंग झालं. खालच्या अंगाला आलो, दद्दाच्या शेतात. आणि माझा डावा हात कुणीतरी धरला...

झुळूक लागली, मुंगी चढली, असलं काही नाही. हात धरला. तळवा खरखरीत होता, गरम होता, घट्टे पडलेला. मेळ्यात बाप पोराला मागे ओढतो तसा त्याने मला मागे ओढला. मला वाटलं, पार्टीतलाच कुणी उशिरा येऊन रांगेला लागला. समोर बघतच मी खेकसलो, "अरे ओढतोस काय, चल की पुढे!"

मराठीत. पार्टीत मराठी कळणारा एकही नव्हता. वीस वर्षं मी जवानांवर हिंदीतच ओरडलोय, तेव्हाच मराठी का निघालं देव जाणे.

बलबीर म्हणाला, "साब, किससे बोल रहे हो?"

मी डावीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. हात मात्र अजून धरलेला होता... माझी बोटं दाबलेली मला दिसत होती. मग तो सुटला.

मी थांबलो म्हणून रांग थांबली. पुढच्या पावलाची जागा मी पुन्हा तपासायला लावली. डिटेक्टर गप्प. बलबीर माझ्याकडे, डोकं बिघडलंय का काय, असं बघत होता. मी म्हटलं, खोदा. हळूहळू, हाताने माती काढत गेलो. डिटेक्टरच्या आवाक्याच्या खाली मॉर्टरचा ब्लाइंड निघाला. दर पुरात त्याच्यावर गाळ चढत गेलेला. आमच्या पायाने तो कदाचित फुटला नसता. पण पूर उतरताना माती वाहून जाते, आणि मग नांगर लागतो.

आता बघा काय झालं. एक खोल निघाला म्हणजे अजून असणार. मी साहेबांना सांगितलं, खालच्या अंगाचा शब्द मी देत नाही. का थांबलो, ते विचारलं तेव्हा "शंका आली" म्हणालो. दुसरं काय सांगणार? वरचं अंग गावाला मिळालं. खालच्या अंगाला कुंपण पडलं — पुढे कधीतरी, मोठी यंत्रं येतील तेव्हा बघू. दद्दाचं शेत कुंपणाच्या आत गेलं.

हाताची गोष्ट बलबीरने गावात केली. तिखटमीठ लावून. गावाने तर निकालच लावला, देवाने साहेबांना वाचवलं! माझा मुलगा म्हणतो, "पप्पा, हाथ सुन्न झाला असेल." डॉक्टर म्हणाले, ताण. असेल बुवा. पण ताणाच्या तळव्याला घट्टे असतात का?

रिटायर झाल्यावर एकदा दद्दाला भेटायला गेलो. खरं तर तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. तो काठावर, नेहमीच्या जागी बसला होता. समोर वरच्या अंगाला दुसऱ्यांचा हरभरा हिरवागार उभा. त्याने मला बसवलं, चहा मागवला. जमिनीबद्दल एक अक्षर बोलला नाही. कप हातात देताना म्हणाला, "साब, बो हाथ सच्ची में हतो?"

मी म्हटलं, "था, दद्दा. और नांगर..." पुन्हा मराठी निघालं. "हल तो तुम्हारा ही चलने वाला था वहाँ. समझो तुमको ही बचाया."

त्याने कुंपणाकडे बोट केलं. मग त्याने सांगितलं. त्याचा थोरला भाऊ म्हैस शोधत त्याच शेतात गेला होता, ट्रेनिंग सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच साली. म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी आली. भावाला चादरीत बांधून आणलं. गावात कुणी मला हे सांगितलं नव्हतं, दद्दानेही नाही. तो रोज काठावर बसायचा तेव्हाही नाही.

"तुमें रोक लओ, अच्छो भओ," तो म्हणाला. राग नव्हता आवाजात, खरंच नव्हता. "पै साब, हमाए भैया खौं काए नईं रोको?"

चहा गार झाला. माझ्या भावाला का नाही थांबवलं, हाच प्रश्न मी मराठीत मनात घोळवत घरी आलो.

तो हात कुणाचा, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि तुमच्यापैकी कुणी दिलंत तर मी वाद घालणार नाही. पण दद्दाला काय सांगायचं, हे कुणाला सुचलं तर मात्र जरूर लिहा. तो अजून काठावर बसतो. मी महिन्यातून एकदा जातो, आणि तो पुन्हा विचारत नाही.