घोट्यावरचा हात

कबड्डीची कार्डं काढणाऱ्या कंपनीत मी होतो, हिंजवडीत. पाकिटावर कुणाचा चेहरा छापायचा, चमकीचं कार्ड कुणाचं काढायचं, यात माझं मत धरलं जायचं. बाकीचे कुणी मैदानावर फारसे गेलेच नव्हते.

चमकीची कार्डं मुद्दाम कमी छापायची. ते एक मिळावं म्हणून पोरं पाकिटामागून पाकीट फोडतात. त्यावर लागतो तो चढाईवाला; हवेत उडालेला, तोंड कॅमेऱ्याकडे. पकड करणारा खाली वाकलेला असतो, त्याचं तोंडच दिसत नाही. मग तो कितीही चांगला खेळो, साध्या कार्डांत जातो, नाहीतर कुठेच नाही.

माझा धाकटा भाऊ डाव्या कोपऱ्यातून पकड करायचा. एका हंगामात तो अगदी भरात होता. चमकीच्या कार्डासाठी आलेल्या एका फोटोत त्यानं चढाईवाल्याचा घोटा धरलाय आणि मान वर केलीय. चेहरा अगदी स्वच्छ. साहेब म्हणाले, "हे वेगळं दिसतंय. दोघंही ठेवू या का?"

मी म्हणालो, "पकडीवाला विकला जात नाही, सर."

धंद्याच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं त्याच्या आड लपता आलं. खरं असं, की आमच्या काळेवाडीच्या घरात जेवताना, सणाला, पाहुण्यांपुढं कौतुक व्हायचं ते त्याचंच. माझा शब्द चालेल अशी ही एवढी एकच जागा होती, आणि तिथं तो मला नको होता. फोटो मी कापून घेतला. घोट्यावरचा हात तेवढा काढता येईना, तो राहिला.

कार्ड दुकानांत आलं आणि त्याचा फोन आला. "दादा, माझा हात छापलास ना? मनगटावरचा दोरा ओळखला मी. संघातली पोरं म्हणतात, तोंडापेक्षा हातच बरा आहे याचा." हसत होता. भांडून मीच तेवढा हात ठेवून घेतला, असं त्याला वाटलं होतं. मी नुसतं "हं" म्हणालो.

पुढं त्याचा गुडघा गेला. आता महाळुंग्याला एका कंपनीत शिफ्ट करतो. ते कार्ड त्यानं फ्रिजवर चिकटवलंय. दर रविवारी फोन करायचा, "येतोस का जेवायला?" मी काहीतरी काम सांगायचो. त्या फ्रिजसमोर घास उतरला नसता. मी एकटाच राहतो. रविवारी दुसऱ्या कुणाचा फोन येत नाही.

गेल्या महिन्यात मात्र गेलो. ताटावर बसल्यावर सांगून टाकलं, फोटोत तुझं तोंड होतं, मी कापायला लावलं.

"साहेबांनी सांगितलं असेल."

"नाही रे. ते ठेवा म्हणत होते."

त्यानं भात कालवायला घेतला. मग म्हणाला, "आमटी घे, गार होतीय."

निघताना पाहिलं, कार्ड फ्रिजवरच होतं. त्यानंतर रविवारचा फोन काही आलेला नाही. दुपारी मी एकट्यापुरता भात लावतो, आणि कुकरच्या शिट्टीत रिंग ऐकू येणार नाही म्हणून फोन हातातच धरून उभा राहतो.