बिनचिठ्ठीची डबी

आमचे हे घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल, एका डोळ्याला भिंग आणि भिंतीवर पत्र्याच्या छोट्या डब्यांच्या रांगा. प्रत्येक डबीवर चिठ्ठी: काटे, काचा, पट्ट्यांच्या पिना. अक्षर छापल्यासारखं. माणूस काही म्हणजे काही टाकत नाही, मोडक्या घड्याळाचा स्क्रूसुद्धा 'लागेल कधीतरी' म्हणून जपणार. बोलण्यात मात्र महाकंजूष. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी 'हं' आणि 'बघू' यात गेली असतील.

रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हाही ते 'हं' म्हणाले. रडले ती मी. डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, हा प्रकार गोळ्यांनी काबूत राहतो, पण गोळी चुकता कामा नये. सकाळ-संध्याकाळ, आधी दोन तास पोट रिकामं, नंतर तासभर काही नको. झालं, घराला शिस्त लागली. गजराचं घड्याळ मी कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे चहासुद्धा परवानगी काढून प्यावा लागतो." गोळी मी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवायचे, पाण्याचा पेला द्यायचे, ते गिळायचे आणि टेबलाशी जाऊन बसायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सव्वा वर्ष रिपोर्ट छान आले. मग आकडे चढायला लागले.

"गोळ्या वेळेवर होतात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मला एकदम नणंद राहायला आली होती ते दिवस आठवले. गप्पांच्या नादात दोन-तीनदा मी यांना गोळीनंतर अर्ध्या तासातच नाश्ता वाढला होता. मी तिथेच रडत रडत कबूल केलं. हे शेजारच्या खुर्चीत मांडीवर फाइल धरून बसले होते. बाई म्हणाल्या, एवढ्याने सहसा असं होत नाही, पण आकडे उतरले नाहीत तर गोळ्यांवर भागणार नाही, दवाखान्यात राहून जड उपचार घ्यावे लागतील, आणि ते यांना झेपतील का हे सांगता येत नाही. मला त्यातलं एवढंच कळलं की हा माणूस माझ्या हातून जाणार.

जिना उतरताना यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. माणसाच्या हातून चूक होते."

केवढ्या मोठ्या मनाचा नवरा, असं वाटून मला आणखी रडू आलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सोडायचं ठरवलं. एकोणीस वर्षांची नोकरी, पण आता एक मिनिटही इकडचं तिकडे व्हायला नको होतं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून राजीनामा यांनीच लिहून दिला. छापल्यासारखा.

महिन्याभराने गजराच्या घड्याळाचा सेल संपला. हे दुरुस्त केलेलं घड्याळ पोचवायला बाहेर गेले होते, म्हणून मीच डब्या धुंडाळायला घेतल्या. खालच्या रांगेत अगदी कोपऱ्यात एक डबी बिनचिठ्ठीची होती. उघडली तर गोळ्या. रंग उडालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. आधी वाटलं, जुन्या असतील. मग कळलं, या तोंडातून काढलेल्या आहेत. टाकवल्या नसणार, सवयीने ठेवून दिल्या. मी त्यांच्या स्टुलावर बसले. किती वेळ बसले ते भिंतीवरच्या घड्याळांना ठाऊक, आणि तीही प्रत्येक वेगळी वेळ सांगत होती.

हे आले. मी डबी पुढे केली. "हे काय आहे?"

"गोळ्यांनी बोटं आखडायची गं. चिमटा धरवत नव्हता. केसासारख्या दोन स्प्रिंगा मोडल्या माझ्या हातून."

"मग सांगायचं ना!"

"तू काळजी करत बसली असतीस."

"मी बाईंपुढे रडत होते तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

"हं."

"राजीनामा तुम्ही लिहिलात. याच हाताने."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

गोळ्या थुंकल्याचा राग मी गिळला असता. दुखणाऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं? पण त्या जिन्यावर त्यांनी मला माफ केलं, ते काही केल्या गळ्याखाली उतरत नाही. दगा, दुसरा शब्द नाही त्याला.

पुढच्या तपासणीला मी डबी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली आणि गप्प बसले. शेवटी यांना बोलावंच लागलं. ऐकून बाई म्हणाल्या, "एवढंच? अहो, आधी सांगितलं असतंत तर डोस कमी करून बघितला असता."

डोस कमी केला. बोटं सुटली, चिमटा हातात आला, आणि सहा महिन्यांत आकडेही उतरले. ग्रंथालयात तोवर माझ्या खुर्चीवर दुसरी बाई बसली होती. भेटायला येणारे म्हणतात, "वहिनी, तुमच्या सेवेला यश आलं." हे मान डोलावतात.

आज सकाळी गजर झाला. मी गोळी दिली, पाणी दिलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"आ करा," मी म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. "वर्ष होत आलं. आता तरी विश्वास ठेव की."

"जीभ वर करा."