डोरीन सवात्स्कीचा तक्ता

टीना फ्रीझनच्या किडन्या निकामी झाल्या आणि रक्त शुद्ध करायचं मशीन दोन तासांवर, कॅनडातल्या सॅस्काटून शहरात. आठवड्यातून तीनदा जायचं-यायचं. गावातले लोक पाळीपाळीने आपापल्या गाड्या काढायचे. थंडीत त्या कुठेतरी बंद पडायच्या. मग १९८६ च्या फेब्रुवारीत कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड समोरच्या वर्तुळात सरकवायच्या खेळाच्या हॉलमध्ये सामने भरवून रुग्णांसाठी एक धडधाकट गाडी घ्यायचं ठरलं. बर्फाच्या पट्ट्या दोनच आणि संघ सोळा. कोण कुणाशी किती वाजता खेळणार, याचा तक्ता करायला कुणीतरी हवं होतं.

"डोरीन, तुझं गणित चांगलं आहे," तिचा दीर क्लॅरेन्स म्हणाला. डोरीन शाळेत शिकवायची. "फक्त या वर्षी कर."

त्या 'फक्त या वर्षी'ची एकतीस वर्षं झाली. टीना पाच वर्षांनी गेली, गाडी तीनदा बदलली, सामने चालूच राहिले. आणि दर जानेवारीत डोरीनच्या स्वयंपाकघरातला फोन वाजायला लागायचा. एकाला शुक्रवार चालत नसे. दुसऱ्याला मेव्हण्याविरुद्ध खेळायचं नसे, कारण हरला की ईस्टरपर्यंत टोमणे ऐकावे लागत. पाद्रीबुवांचाही संघ होता; रविवारी सकाळी ते चर्चमध्ये, म्हणून ती वेळ कायमची मोकळी. चौऱ्याण्णव साली हिमवादळात चाळीस माणसं दोन दिवस हॉलमध्ये अडकली तेव्हा तिने तक्ता अकरा वेळा खोडून लिहिला. एका वर्षी एक अख्खा संघ कोंबड्यांचा वेश करून आला. पिसं बर्फात रुतून बसली, आणि बर्फाची निगा राखणारा माणूस महिनाभर डोरीनशी बोलला नाही. जणू ती पिसं हिनेच शिवली होती.

"लष्कराच्या भाकऱ्या," ती करवादायची.

"मग नको करूस," नवरा आब पेपरातून मान वर न काढता म्हणायचा. याचा तिला सगळ्यात जास्त संताप यायचा.

सत्तरी गाठली तेव्हा तिने खरंच सोडलं. सगळ्या फायली क्लॅरेन्सच्या मुलाच्या, केव्हिनच्या दुकानात नेऊन ठेवल्या. त्याने त्या उघडल्याही नाहीत. सगळं कॉम्प्युटर करेल म्हणाला. वर आठवड्याने क्लॅरेन्स दारात. आबचा गुडघा धरला होता, त्यामुळे त्या दोघांच्या संघात चौथा माणूस नव्हता.

"मी या सामन्यांत कधी दगड टाकलेला नाही," डोरीन म्हणाली.

"एकतीस वर्षं आम्हाला कधी टाकायचा ते सांगितलंस. आता आम्ही सांगतो."

शनिवारी सकाळी नऊला ती हॉलच्या दारात उभी राहिली आणि भिंतीवरच्या कागदावर एक नजर टाकताच तिला दिसलं: एकाच पट्टीवर, एकाच वेळी चार संघ. दुसरी पट्टी रिकामी. तिने ओठ घट्ट मिटले. आता आरडाओरडा होणार, आता सगळे तिच्याकडे वळणार.

"अरेच्चा," केव्हिन म्हणाला. "दोघं इकडे राहा, दोघं तिकडे जा."

गेले. इतकंच. कुणी हूं की चूं केलं नाही. मेव्हण्यांची जोडी समोरासमोर आली, आणि हरलेला कॉफी पिताना चक्क हसत होता.

डोरीनचा पहिला दगड अर्ध्याच वाटेत थांबला, बाद झाला.

"डोरीन, तो इकडे पाठवायचा असतो," पलीकडच्या वर्तुळातून क्लॅरेन्स ओरडला.

"तुझी माणसं झाडू घेऊन काय झोपा काढतात? घासा की दगडापुढचा बर्फ, म्हणजे जाईल तो लांब."

"घासायला दगड यायला तर हवा."

ते सपाटून हरले. निघताना केव्हिनने रविवारचा कागद तिच्या हातात दिला. "काकू, नजर टाकता का?"

टाकली. "दहा वाजता पाद्रीबुवांचा संघ? ते तेव्हा चर्चमध्ये असतात, बाबा."

"विचारलं मी त्यांना. प्रार्थना दुपारी ठेवलीय त्यांनी."

"कशी काय?"

"विचारल्यावर हो म्हणाले."

डोरीनने कागद त्याला परत दिला. घरी येऊन तिने कोट खुंटीवर आपटल्यासारखा अडकवला.

"एकतीस वर्षं," ती आबला म्हणाली. "एकतीस वर्षं मी रविवारची सकाळ मोकळी ठेवली. त्यापायी लोकांना पहाटे सहाला खेळवलं, शिव्या खाल्ल्या. आणि त्या माणसाला नुसतं विचारायचं होतं."

"तू विचारलं नव्हतंस?"

"पाद्रीबुवांना कोण विचारतं?"

आबने पेपर खाली ठेवला. त्याला हसू येत होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि तिच्या दुखऱ्या खांद्याला लावायला मलम आणून दिलं.

"उद्या खेळतेस ना?"

"खेळते," ती वैतागून म्हणाली. "दहाला. पाद्रीबुवांच्याच विरुद्ध सामना लावलाय त्या मूर्खाने."